खगोल-बिगोलचा मंडई अंक

मले राग लवकर येते. वडस्यात कोणालेही विचारा, छापखान्यातली दिव्यानी म्हटलं का लोकं पहिले हेच सांगतीन. पण या खेपेचा राग अजून उतरला नाई, अन् तो कोणावर काढाव हेही समजून नाई राह्यलं. म्हणून सांगून टाकते.

गुणवंतरावभाऊच्या छापखान्यात मी कम्प्युटरवर बसते. लग्नपत्रिका, तेरवीचे कार्ड, दुकानायचे बिलबुक, जे येईन ते लावते. दिवाळी झाली का मंग दुसरं काही नाई, नुसते नाटकायचे परचे. आमच्या झाडीपट्टीत धान कापाले आला का गावोगाव मंडई, म्हणजे जत्राच, भरते, अन् मंडई म्हटली का नाटक आलंच, रात्रभर. पाहुणे नाई आले तं चालते, नाटक नाई झालं तं गावाची इज्जत जाते. त्या नाटकायच्या हिरोईनीचे चकचकीत परचे मीच बनवते. गुलाबी जमीन, पिवळे जाड अक्षरं, मधात हिरोईन अन् तिच्या डोळ्यात पाणी. पाणी नसलं तं मी कम्प्युटरवर टाकते. हे परचे फुकट असतात. जीपवर भोंगा लावून हिरोईनीचं नाव ओरडत जातात अन् मागून परचे उधळतात. हिरोईनीचा फोटो दिसला म्हणजे कागद फुकटचा, हे इथं रांगत्या लेकरालेही माहीत हाय. सगळा घोळ इथूनच झाला.

कारण त्याच कम्प्युटरवर मी ‘खगोल-बिगोल’ही लावत होती.

‘खगोल-बिगोल’ हे दानिशचं मासिक. मासिक म्हणाचं, निघे दोन महिन्यातून एकदा. दानिश माझ्या वर्गातला, घड्याळवाल्या नवाबभाईचा पोरगा. त्याचं डोकं लहानपणापासून आभाळात. शाळेत मास्तर विचारे इंद्रावती कुठी हाय, हा सांगे शनी कुठी हाय. मोठा होऊन सुधरला नाई. त्याच्या मासिकात काय राहे? घरच्या घरी दुर्बीण कशी बनवाची, कोड्यायचे दोन पानं, परग्रहावरच्या गोष्टी, अन् एक चित्रकथा, ज्याच्यातला राक्षस गणित सोडवल्याशिवाय मरतच नाई. अशा गोष्टीयचा नाद असलेले लोकं पुण्या-मुंबईत ढिगानं असतीन. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत अशा माणसाले गावात बह्याड, म्हणजे येडा म्हणतात. दानिशले त्याच बह्याडायसाठी काहीतरी छापाचं होतं.

मधल्या दोन पानायवर डाव राहे. मासिकाचा जीव त्याच्यात. दानिशनं एक आभाळ बनवलं होतं अन् त्याच्यातल्या ग्रहायले आपल्या जंगलातल्या झाडायचे नावं देल्ले होते, साजा, बिजा, हलदू, धावडा. प्रत्येक वाचकाचं एक यान. अंक आला का नकाशा पाहाचा, आपलं यान कुठी न्याचं ते ठरवाचं, पोस्टकार्डावर चाल लिहून धाडाची. दानिश सगळ्यायच्या चाली मांडे अन् पुढच्या अंकात नवा नकाशा छापे. कोणाचं यान फुटलं, कोणाले पाणी सापडलं, कोणं कोणाले दगा देल्ला. नकाशाच्या मधोमध एक काळा गोल होता, त्याचं नाव डोह. वैनगंगेच्या डोहात गेलेलं माघारी येत नाई, तसाच हा. सगळे यानं त्याले दुरूनच वळसा घालत.

डोहाच्या आत काय हाय, हे दानिशनं पहिल्याच वर्षी काढून ठेवलं होतं. मोठ्या ड्रॉइंग शीटवर, रंगीत. मले त्यानं ते एकदा दाखवलं. मी काही असल्या गोष्टीयतली नाई, मले घरी गेल्यावर मालिका पाहाले लागते. पण बाप्पा! ते चित्र पाहाच्या नादात माझा च्या थंडा झाला.

“छाप ना मंग हे,” मी म्हटलं.

“कोणी आत गेल्यावर,” म्हणे. “कोणी गेलंच नाई तं कसं दाखवू?”

“अन् कोणीच नाई गेलं तं?”

“जाईन. सोमारी जाईन.”

सोमारी म्हणजे कोरचीकडल्या जंगलातली एक वाचक. आम्ही तिले कधी पाह्यलं नव्हतं. तिच्या गावात मोबाईलचा टावर नाई. आश्रमशाळेत शिकत होती तेव्हा कोण्या मास्तरानं एक अंक देल्ला, तेव्हापासून तिचं पोस्टकार्ड कधी चुकलं नाई. हिरव्या पेनानं लिहे. दोन अंकापासून तिचं यान डोहाच्या काठावर उभं होतं, पुढं नाई, मागं नाई. बाकीचे वाचक लिहित, सोमारीची बुद्धी चालून नाई राह्यली. दानिश मात्र पोस्टमन दिसला का खुर्चीतून उठे.

पण एका सोमारीवर मासिक चालते का?

पहिले वाचक गंज होते, ढिगानं. चंद्रपूर, राजुरा, चिमूर, पार आलापल्लीपर्यंत अंक जाय. मंग हळूहळू गळाले लागले. चंद्रपूरचा रोशन आमचा सगळ्यात जुना वाचक. त्यानं फोन करून साफ सांगितलं, “दानिशभाई, राग नको धरू. तुमच्या अंकात जे येते ते मी मोबाईलवर तीन महिने पहिलेच पाह्यलेलं राहते. डाव तं मी आता जगभरच्या पोट्ट्यायसोबत खेळतो, चाल केली का लगेच जबाब. इथी दोन महिने कोण थांबन?” खरंच होतं त्याचं. ज्याले नाद, त्याच्याजवळ मोबाईल. अन् जिथी मोबाईल चालत नाई, तिथी पोस्टमनही मनात आलं तं जाते.

पावसाळा सरता सरता गुणवंतरावभाऊनं दानिशले बोलावलं. भाऊ वाईट माणूस नाई. नुकसान सोसून त्यानं लय दिवस हे मासिक छापलं. पण त्या दिवशी परतलेल्या अंकायच्या गठ्ठ्यावर बसून बोलला.

“दानिश, ज्यायले हे समजते ते मोबाईलवर पाहतात. ज्यायले समजत नाई त्यायले हिरोईन पाहिजे. तुझा हा तिसरा माणूस राहते कुठी, ते तं सांग मले.”

“कोरचीकडं राहते, भाऊ,” दानिश म्हणे.

भाऊ हसला नाई. म्हणे, “हे पाय, मंडईवर एक अंक काढ. लोकं त्या टायमाले खुशीत राहतात, काहीही घेतात. खपला तं पुढचा छापतो. हे असे गठ्ठे माघारी आले तं मंग मले नको सांगू.”

तिसऱ्या दिवशी दानिश माझ्याजवळ आला, हातात एका नाटक कंपनीच्या हिरोईनीचा फोटो. मोठी कंपनी, नाटकाच्या नावात कुंकूही होतं अन् रक्तही. म्हणे, हिले कव्हरवर घे. मधल्या दोन पानायवर हिची मुलाखत.

“मधल्या पानायवर डाव राहते,” मी म्हटलं.

“एका खेपेपुरता थांबवू.”

मी तं भडकलीच. “अबे, तुले लाज नाई वाटत? हिले शनी अन् शनिवार यातला फरक माहीत हाय का? जे चार माणसं तुझं मासिक वाचतात, ते याच्यासाठी वाचतात का त्याच्यात हे नसते! हिरोईन पाहाले अख्खी झाडी मोकळी पडली हाय.”

“तेच तं म्हणून राह्यलो ना, दिव्या. अख्खी झाडी. वरून हिरोईन पाहून घेतीन, घरी नेऊन आतमधलं वाचतीन. सगळे नाई. शंभरातला एक. सोमारीलेही कोण्या मास्तरानं असाच तं देल्ला होता अंक.” मंग हळूच म्हणे, “मासिक राह्यलं तं डाव राहीन ना.”

मुलाखत मीच घेतली, फोनवरून. बाई बिचारी चांगली होती. तिले विचारलं, तुम्हाले आभाळातलं काय आवडते, तं म्हणे आभाळ कुठी दिसते ताई, आम्ही रात्रभर मांडवात राहतो, दिवसा गाडीत झोपतो. ते मी जसंच्या तसं छापलं.

अन् कव्हर मी बनवलं. मले जे येते तेच मी बनवलं. गुलाबी जमीन. पिवळे जाड अक्षरं. मधात हिरोईन. डोळ्यात पाणी नव्हतं, ते टाकलं. दानिशनं पाह्यलं, मी पाह्यलं, गुणवंतरावभाऊनं पाह्यलं, छापणाऱ्यानं पाह्यलं. भाऊ तं म्हणे, आता कशी चीज झाली! आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाई का आपण परचा बनवला. रोज परचेच बनवणारे आम्ही. आमच्या डोळ्याले ते खटकणार तरी कसं?

मंडई नदीकाठच्या एका मोठ्या गावात होती. आम्ही नाटकाच्या मांडवाजवळच टेबल मांडलं, गर्दी तिथंच राहते म्हणून. आकाशपाळणा, बांगड्यायचे दुकानं, गरम जिलेबी, शंकरपटाच्या शर्यतीवरून परतणारे बैलं, सगळीकडं फुफाटा. दिवस मावळतीले आला, लोकं तिकिटाकडं याले लागले. धोतरातला एक बुढा आला, वरचा अंक उचलला, हिरोईन पाह्यली, घडी करून खिशात घातला अन् चालाले लागला.

“बाबाजी, पैसे!” दानिश म्हणे.

बुढा थांबला. चिडला नाई. नवल वाटलं त्याले. “पैसे? नाटकाच्या परच्याचे कोण पैसे घेते बापू?”

“परचा नोहे, पुस्तक हाय.”

“पुस्तक हाय तं नाटकवाली काऊन छापली?”

याचं उत्तर माझ्याजवळ होतं, पण ते बुढ्याले देण्यासारखं नव्हतं. तेवढ्यात मागच्यायनं पाह्यलं का इथं परचे वाटून राह्यले. मंग काय! हात आले चहूकडून. एक घे, दोन घे, घरच्यायसाठी घे, शेजाऱ्यासाठी घे. बाया लेकरायले पुढं घालत होत्या. मी ओरडली, “ठेवा! इकत हाय! ठेवा म्हणते ना!” कोणी ऐकलं नाई. एक बाई मलेच म्हणे, “ताई, कंपनीचा कागद हाय, तुझ्या बापाचं काय जाते?” दानिश गठ्ठ्यावर हात ठेवून उभा राह्यला. नंतर त्यानं हात काढून घेतला. भोंगा वाजाले लागला तेव्हा टेबलावर सुतळी राह्यली होती.

कोणाशी भांडाव? कोणं चोरी केली नव्हती. सगळे हसत हसत घेऊन गेले होते.

आम्ही रात्री गावात एकाच्या ओसरीवर पडलो अन् सकाळी मांडवाकडं गेलो. दानिश म्हणे, पडलेले असतीन ते तं गोळा करू. नाटक सुटून गेलं होतं. धानाच्या बांधीत मांडव टाकला होता, खाली कापलेल्या धानाचे खुटं, वरून दव पडलेलं. अन् त्या ओल्या खुट्यायवर आमचे अंक. ओळीनं. लोकायनं पानं सुटे करून बसाले घेतले होते. खुटं टोचू नाई म्हणून. कोणं चार पानं घेतले, कोणं आठ. त्याच्यावर मुंगफल्लीचे टरफलं, तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याच्या पन्न्या, एका जागी लेकरानं केलेलं. दुर्बिणीचा लेख एका खुट्यानं आरपार फोडला होता. कव्हर मात्र एकही नव्हतं. कव्हर लोकायनं जपून घरी नेले, भितीवर चिपकवाले.

दानिश वाकून एकेक पान उचलाले लागला. उचले, झटके, पाहे. मले रडू आलं अन् त्याचाही राग आला.

“राहू दे ना!” मी ओरडली. “काय करतो याचं?”

“पाहून राह्यलो, कोणी कोडं सोडवलं का.”

नव्हतं सोडवलं कोणं. पेन घेऊन नाटकाले कोण येते?

गुणवंतरावभाऊ मोटरसायकलवर आला. आम्हाले वाटलं आता शिव्या खातो. तं भाऊ खुश! कंपनीचा मालक त्याले तिथंच भेटला होता. तुमचं पुस्तक मांडवात ज्याच्या-त्याच्या हातात होतं म्हणे, अशी प्रसिद्धी आमच्या जीपनं होत नाई. पुढच्या अंकाचा सगळा खर्च कंपनी करते. हर अंकात एक हिरोईन, सगळ्यायच्या मुलाखती, कुठल्या गावात कोणतं नाटक ते. फुकट वाटाचं.

“अन् बाकीचं?” दानिशनं विचारलं.

“बाकीचं कोणतं?”

“खगोल.”

भाऊनं गाडीले किक मारता मारता म्हटलं, “ते काढून टाक बेटा. बिगोल ठेवू.” त्याले वाटलं आपण गंमत केली. खरंच प्रेमानं बोलला तो. छापखान्याचे पैसे वाचले, मासिक वाचलं, सगळंच वाचलं त्याच्या हिशोबानं.

ओल्या पानायचं एक पोतं भरून आम्ही फाट्यावर आलो. एसटीच्या थांब्यावर एक पोरगी बसली होती, विशीची असन. सोबत एक म्हातारी, तिची मावशी. पोरीच्या हातात गुंडाळलेला अंक होता. आमचा. जुना, उन्हाळ्यातला, ज्याच्या कव्हरवर दानिशनं काढलेला साजा ग्रह होता. कडा कापडी पट्टीनं चिपकवलेल्या. अंकाले कोणं इतकं जपलं, असं मी पहिल्यांदा पाह्यलं.

“हा कुठी भेटला तुले?” मी विचारलं.

“पोस्टानं येते,” ती म्हणे. मंग दानिशकडं पाह्यलं, त्याच्या शर्टाच्या खिशातल्या पेनायकडं पाह्यलं. “तुम्ही... खगोलवाले भाऊ का?”

अंकाच्या कडेले हिरव्या पेनानं लिहिलेलं मले दिसलं. मीच म्हटलं, “हव. अन् तू सोमारी.”

लाजली. मंग भडाभडा बोलली. दानिशनं वाचकायले पोस्टकार्डानं कळवलं होतं का मंडईत आमचं दुकान राहीन म्हणून. मावशीचं गाव इथून जवळ, तिले पटवून पटवून काल दुपारची आली. “किती हिंडलो बाई, सगळी मंडई. तुमचं दुकान नाईच भेटलं. नाटकाच्या तिकिटाजवळून तं दोनदा गेली मी. तिथी नुसते नाटकवाले परचे वाटत होते, मी म्हटलं इथी काय राहीन. मंग रात्र झाली, गाडी नाई. मावशी म्हणे, आता नाटक पाहू.”

“पाह्यलं?”

“रात्रभर. खाली ओलं होतं, टोचे. मावशीनं कुठून तं कागद आणले बसाले.” तिनं आमच्या पोत्याकडं पाह्यलं. पोत्याचं तोंड मी मुठीत आवळून धरलं होतं. “मंडई अंक देता का भाऊ, एक? पैसे आणले मी.”

माझ्या पर्समधी एक अंक होता. कव्हरासकट, कोरा. काढून देल्ला असता तं तिनं पहिले मधले पानं उघडले असते.

“अंक निघालाच नाई,” मी म्हटलं. “कागद नाई भेटला या खेपेले.”

तिले वाईट वाटलं ते दिसलं. पण आमच्यावर रागावली नाई. म्हणे, “मी म्हटलंच, तुम्ही असते तं दिसले असते.” मंग दानिशकडं वळली. “भाऊ, मंग माझी चाल इथीच घेता का? पोस्टकार्डाचे पैसे वाचतीन. मी डोहात जाते.”

दानिशनं मान वर केली.

“दोन अंक थांबली मी,” सोमारी म्हणे. “पहिले वाटलं बाकीचे कोणी जातीन, मंग आपण पाहू. कोणीच जाऊन नाई राह्यलं. सगळे वळसा घालतात. तुम्ही एवढा मोठा डोह नकाशात ठेवला, तं आत काहीतरी असनच ना? रिकामा डोह कोण काढन एवढ्या मेहनतीनं?”

किती वर्ष त्या पोट्ट्यानं हे वाक्य ऐकाची वाट पाह्यली, ते मले माहीत हाय. मले वाटलं आता हा सांगीन. ती मोठी रंगीत शीट, घरी दिवाणाखाली ठेवलेली, तोंडानं तरी सांगीन. पण तेवढ्यात एसटी आली. कंडक्टर खेकसला, मावशीनं तिचा हात ओढला. ती चढली, खिडकीत बसली, काच सरकवून तोंड बाहेर काढलं.

“पुढच्या अंकात दाखवसान ना भाऊ, आत काय हाय ते?”

“हव,” दानिश म्हणे. “पुढच्या अंकात.”

ती हसली. जुना अंक तिनं मांडीवर उघडला. गाडी कोरचीच्या रस्त्याले लागली.

मी दानिशवर धावलीच. “काऊन खोटं बोलला बे? पुढच्या अंकात चार हिरोईनी राहतीन, तुले माहीत नाई का? ती पोस्टमनची वाट पाहीन ना आता!”

“तू काऊन बोलली?” दानिश म्हणे.

त्यानं पोतं खांद्यावर घेतलं. ओलं होतं, त्याच्या पाठीवर शर्ट भिजला. वडस्याची गाडी यायले वेळ होता, म्हणून आम्ही पायीच निघालो.